मांदेलीला काय झालं होतं

उमेळे, वसई
२५ नोव्हेंबर १९९८

प्रिय सत्यवती,

हे पत्र तुझ्या भाच्याने, शत्रुघ्नने तुझ्या हातात दिलं असेल, तर आधी त्याला कुठल्या तरी कामाला पाठव. मग चष्मा लाव आणि विहिरीकडे जाऊन एकटी वाच. भावाच्या पडवीत बसून वाचू नकोस. मोठ्याने वाचायची तुझी सवय मला माहीत आहे. सातवीपर्यंत बाईंनी उभं करून वाचून घेतलं ते तुझ्या अंगातून अजून गेलेलं नाही. आज मनात वाच. हे पत्र मी दोनदा लिहून फाडलं आहे, तेव्हा ते अर्धं वाचून पदरात खोचलंस तर मला राग येईल.

तू गेलीस त्याला दोन महिने झाले. सफाळ्याच्या त्या वाण्याचा नंबर तू दिला होतास, मी लावत राहिले. दर वेळी तोच मुलगा म्हणतो, ताई शेतावर गेल्यात. सत्यवती, माझी सगळी नोकरी टेलिफोन एक्सचेंजमध्ये गेली. शेजारी उभं राहून कोणी हाताने 'नाही म्हणून सांग' अशी खूण करत असेल, तर सांगणाऱ्याच्या आवाजात काय फरक पडतो हे मला कोणी शिकवायला नको. म्हणून फोन सोडला. पत्राला शेतावर गेलेय असं सांगता येत नाही.

पहिल्यांदा मांदेलीचं सांगते. ती जगली की मेली ते पाहायला शेवटचं पान उलटू नकोस. क्रमाने सांगणार आहे, आणि तुला सगळं ठाऊक आहे तिथूनच सुरुवात करणार आहे, कारण तुला ठाऊक असलेलं आणि मी पाहिलेलं एकच आहे का, याची मला आता खात्री राहिलेली नाही.

गेल्या वर्षीच्या दिवाळीत मागच्या विहिरीपाशी तिची आई गाडीखाली आली आणि तू ते पिवळं पिल्लू पदरात घालून दुसऱ्या मजल्यावर आणलंस. अंगठ्याएवढं होतं. तू म्हणालीस, मांदेली मासळीएवढी हाय नि मांदेलीसारखी पिवळी हाय, दुसरं नाव कशाला शोधायचं. आमच्या ह्यांनी तिला ड्रॉपरने दूध पाजलं. तुझं दार आणि माझं दार समोरासमोर, मध्ये तेवढा पॅसेज, आणि ती दोन्ही घरांची झाली. पण झोपायची तुझ्याच अंगावर. दुपारची भांडी झाली की पॅसेजमधल्या गार लादीवर तू आडवी व्हायचीस आणि ती तुझ्या छातीवर चढून बसायची. तिची घुरघुर मला माझ्या स्वयंपाकघरात ऐकू यायची. मी म्हणायचे, अगं, लोक जातात-येतात, जरा घरात झोप. तू म्हणायचीस, वसुबाय, ही आमच्या सासऱ्यांची केळीची वाडी व्हती, तुमच्या सोफ्याखाली सफेद वेलची केळ लावलेली मी माझ्या हातानं, मी पायजे तिथं झोपेन. वाडी तोडून बिल्डिंग झाली, सोनचाफा तोडून तिला सोनचाफा सोसायटी नाव दिलं, आणि त्या सोसायटीत मी गिरगावातून चार कुंड्या घेऊन राहायला आले. तुला काय सांगणार?

मग मार्चमधली ती मीटिंग. गच्चीवर साटम सेक्रेटरीच्या सासूच्या गादीत कुठल्याशा मांजरीने पिल्लं घातली आणि साटमने ठराव आणला: यापुढे बिल्डिंगीत एक जरी मांजर व्याली, तर सगळी मांजरं पोत्यात भरून पाचूबंदरला. इथे सगळे असंच करतात. नको असलेलं मांजर पोत्यात घालायचं, बंदरावर पोत्याचं तोंड सोडायचं, आणि मासळी आहे, जाळी आहेत, खाईल काहीतरी, असं म्हणत मागे न बघता घरी यायचं. बंदरावरच्या बायांना किती मांजरं हवी आहेत हे कोणी कधी विचारलेलं नाही. सगळे माना डोलावत होते. मी उठणार, तेवढ्यात तू उठलीस. सोसायटीच्या मीटिंगमध्ये तू कधी तोंड उघडलं नव्हतंस. तू म्हणालीस, माझी मांजर वेनार नाय. शब्द देते. साटम म्हणाला, काय सत्यवतीबाई, तिला ब्रह्मचारिणी करणार का? सगळे हसले, मीही हसले. तू हसली नाहीस. मनाशी काहीतरी पक्कं केलेल्या बाईचा चेहरा होता तो, आणि मी समोर बसून तो वाचला नाही.

उन्हाळा गेला, पाऊस आला. मांदेली मोठी झाली आणि खरंच व्याली नाही. साटमही गप्प झाला. तुझ्यात मात्र काही काही बदलत होतं. वरच्या दोरीवर कपडे घालायला तू मला हाक मारायला लागलीस. पदर असा घट्ट ओढून घ्यायला लागलीस की जणू सदा वारा सुटलाय. एकदा तुझ्या ब्लाउजवर पिवळा डाग दिसला. विचारलं तर म्हणालीस, हळद सांडली. दुपारची लादीवरची झोपही बंद केलीस. मांदेली दाराशी बसून ओरडायची आणि तू आतून म्हणायचीस, जा गं, वसुबायकडं जा. मला वाटलं, वय झालं, गार लादी सोसत नसेल.

आणि गौरीजेवणाच्या दुसऱ्या दिवशी ते दिसलं. मांदेली माझ्या दाराशी पाय फाकवून चालत आली. तिची आचळं सुजली होती, एकदोन नाही, दोन्ही बाजूंची सगळी. आठवड्याभरात लिंबाएवढी झाली, मग चिकूएवढी. कातडी ताणून लाल झाली आणि एकावर चाटून चाटून जखम पडली. वर्षाचं जनावर, अजून अंगाने पोरच होतं, आणि पोटाखाली हे ओझं. तुला दाखवायला आणलं तेव्हा तू तिला उचललंस, उलटं केलंस, आणि तापलेला तवा हातात आल्यासारखी खाली ठेवलीस. मग मोरीत जाऊन कोपरापर्यंत साबण लावून हात धुतलेस. पुन्हा तिला शिवली नाहीस.

घट बसायच्या आदल्या दिवशी तू एक पिशवी घेऊन निघालीस. म्हणालीस, भावाकडं भातकापणी हाय. कापणीला अजून अवकाश होता, हे गिरगावात वाढलेल्या मलाही कळत होतं. मांदेलीची टोपली माझ्या दाराशी ठेवून म्हणालीस, वसुबाय, हिला पाचूबंदरला सोड. चार दिवस मासळी खाईल, मग व्हायचं ते व्हईल. पोरांना हात लावू देऊ नको. हे तू म्हणालीस! भर मीटिंगमध्ये उभी राहिलेली तू. मी दार लावून घेतलं, आणि दारामागे तुला पळपुटी म्हटलं. आमच्या ह्यांनी ऐकलं. ते म्हणाले, असं नको म्हणूस. मी म्हटलं, मला योग्य वाटेल तेच मी म्हणणार.

दुसऱ्या दिवशी मांदेलीला घेऊन स्टेशनजवळच्या एका डॉक्टरकडे गेलो. नाव लिहीत नाही. तो टेबलामागून उठलाही नाही. टोपलीचं झाकण मी उघडलं, त्याने मान लांब करून पाहिलं आणि म्हणाला, ब्रेस्ट कॅन्सर. एवढ्या लहान वयात म्हणजे फार जहाल. इंजेक्शन देऊन टाकू, तिचा त्रास संपेल. ह्यांचे डोळे भरून आले. मी विचारलं, तुम्ही हात लावून पाहिलंत का? तो म्हणाला, मॅडम, अनुभवाने कळतं. मी म्हटलं, मी मांजर दाखवायला आणली आहे, तुमचा अनुभव बघायला आलेले नाही. झाकण लावलं आणि बाहेर पडले. रिक्षात ह्यांनी विचारलं, आता कुठे? कुठे ते मलाही ठाऊक नव्हतं, पण मी ठाऊक असल्यासारखी बसले होते.

ते सांगितलं ऑगस्टीनने. आपला दूधवाला. टोपली बघून म्हणाला, आमच्या पापडीला कॅथरिन डॉक्टरीन हाय. म्हशींची हाय, पन हात लावल्याबिगर बोलत नाय. मला एवढंच हवं होतं. टोपली धरायला दिपिकाला बरोबर घेतलं. तुझी सून मांजराला घाबरते, तरी आली. बाळ विघ्नेशला ह्यांच्याजवळ ठेवलं.

पापडीला तिच्या घरामागे चिकूच्या झाडांखाली पत्र्याची शेड आहे, तोच दवाखाना. बाहेर एक म्हैस आणि दोन कुत्रे आमच्या आधीचे. कॅथरिन तरुण आहे, बोलायला फटकळ, मला आवडली. मांदेलीला तिने मांडीवर घेतलं आणि एकेक गाठ बोटांनी पाहिली, आपण आंबा दाबून पाहतो तशी, हलके. वय विचारलं. माजावर आली होती का विचारलं. मग म्हणाली, हिला कुणी गोळ्या किंवा इंजेक्शन दिलंय का, पाळणा लांबवायचं? मी फाडकन म्हटलं, डॉक्टर, ती मांजर आहे, कुटुंबनियोजनाची लाभार्थी नाही. आणि शेजारी बघते तर दिपिका लालबुंद झाली होती. म्हणाली, काकी, माझ्या गोळ्या आईंनी घेतल्या.

मग सगळं निघालं. विघ्नेशच्या वेळी आरोग्य केंद्रातल्या नर्सने तिला गोळ्यांची पाकिटं दिली होती. तिला त्या घ्यायच्या नव्हत्या. डब्यात पडून होत्या. मीटिंगच्या दुसऱ्या दिवशी तू त्या मागून घेतल्यास. म्हणालीस, मांदेली वेलीच नाय, तर तिला पाचूबंदरला कोन नेतंय? आणि रोज एक गोळी वाटीच्या बुडाने चुरून बोंबलाच्या डोक्यात भरून तिला घातलीस, सगळा उन्हाळा आणि अर्धा पावसाळा. सत्यवती, मी तुला गोळी चुरताना पाहिलं होतं! विचारलंही होतं. तू म्हणालीस, कॅल्शियम हाय. आणि मी जाऊन ह्यांना सांगितलं, बघा, शेजारीण मांजराच्या हाडांचा विचार करते.

मला वाटलं, डॉक्टरीण आता ओरडेल. ती स्टुलावर बसली, कपाळाला हात लावला आणि हसली. मग गंभीर झाली. म्हणाली, ह्या गोळ्या अंगाला सांगतात की बाळ येणार आहे. एका अख्ख्या बाईची गोळी दोन किलोच्या मांजरीला रोज दिली, तर आचळं फुगतच राहणार. तरुण मांजरींना गोळी न देताही कधी कधी पहिल्या माजानंतर असं होतं. दिसतं कॅन्सरसारखं, वाढतं कॅन्सरपेक्षा जोरात, आणि कॅन्सर नसतो. मी म्हटलं, मग नाही ना? तर म्हणाली, बघून मी सांगणार नाही. तिने सुईने गाठीतलं थोडं काढलं, काचेवर पसरलं आणि परळच्या जनावरांच्या कॉलेजात तिच्या सरांकडे पाठवलं. वर हेही म्हणाली की तरुण मांजरांना खरा कॅन्सरही होतो, उगाच गोड बोलणार नाही. छातीत गाठ धरून पाणी भरलेली, तोंड उघडं टाकून धापा टाकणारी वर्षाच्या आतली पिल्लं तिने ह्याच टेबलावर पाहिली होती, आणि त्यांच्यासाठी तिला काही करता आलं नव्हतं. मांजराच्या लाळेतून मांजराला लागणारा एक रोग आहे, त्यातून ते होतं. तेव्हा परळहून उत्तर येईपर्यंत रडायचंही नाही आणि पेढेही वाटायचे नाहीत, असं बजावून तिने आम्हाला घरी पाठवलं. पुन्हा गोळी द्यायची नाही, हेही.

ते उत्तर यायचं होतं तेवढ्यात साटमने बोर्डावर सूचना लावली: कॅन्सर झालेले मांजर इमारतीत ठेवू नये, लहान मुले आहेत. आणि सकाळी वॉचमन पोतं घेऊन माझ्या दारात. बिचारा खाली बघत उभा होता. मी त्याच्या हातातलं पोतं घेतलं, झटकलं, घडी घातली आणि मांदेलीच्या टोपलीत अंथरलं. म्हटलं, साहेबांना सांग, पोतं मिळालं, आभारी आहे. मग साटम स्वतः आला. जिन्यात चार बिऱ्हाडं जमली. म्हणाला, मॅडम, तुम्ही शिकलेल्या. कॅन्सर आहे तो, उडून लागतो. मी म्हटलं, साटम, तुमचं ब्लडप्रेशर गेली पाच वर्षं आमच्या डोक्यावर राहतंय, ते नाही लागलं आम्हाला, हे कसं लागेल? लोक हसले. वरची शेजारीण हसता हसता पायरीवर बसली. साटम म्हणाला, काही झालं तर जबाबदारी तुमची. मी म्हटलं, लिहून देऊ का? तो गेला.

पण दार लावून गॅस पेटवला तेव्हा मनात शंका आली. माझं बी.ए. इतिहासातलं. लढाया तोंडपाठ आहेत, रोगराई नाही. जे ठासून सांगितलं ते खरंच तसं आहे का, हे मला ठाऊक नव्हतं. आणि तेवढ्यात दिपिका दार ढकलून आत आली. जिन्यातलं सगळं तिने ऐकलं होतं. ओट्याशी उभी राहिली, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. म्हणाली, काकी, खरंच लागत नाही? माणसाचं मांजराला?

माणसाचं मांजराला. सगळी बिल्डिंग मला विचारत होती की मांजराचं माणसाला लागेल का. ही एकटी उलटं विचारत होती. मी गॅस बंद केला आणि तिला खुर्चीवर बसवलं. तिने काय सांगितलं ते शेवटी लिहिते. तू आता पत्राची घडी घालायला लागली असशील. घालू नकोस. विहिरीवर आलीस ना, बस तिथेच.

परळचं उत्तर आलं. काचेवर कॅन्सर सापडला नाही. कॅथरिनने निरोप पाठवला तोही ऑगस्टीनबरोबर, दुधाच्या किटल्यांसोबत. तो खालूनच ओरडला, वसुबाय, मांदेली पास झाली! मग दिवाळीनंतर ऑपरेशन केलं, पुन्हा कधी असं होऊ नये म्हणून गर्भपिशवी काढून टाकली. पोटाकडून कापायला जागाच नव्हती, म्हणून कुशीतून कापलं. टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात काहीतरी अडकवायला हवं होतं. आमच्या ह्यांनी कपाटातून त्यांच्या छातीचा जुना एक्स-रे काढला, गोल कापला आणि शिवून तिच्या मानेभोवती बसवला. दोन आठवडे ती मांजर माझ्या नवऱ्याच्या बरगड्या गळ्यात घालून पॅसेजमध्ये फिरत होती. साटमच्या सासूने पाहिलं आणि रामनाम घेतलं.

सूज आधी मऊ पडली, मग दिवसागणिक उतरत गेली. आता पोटाखाली रिकाम्या पिशवीसारखी सैल कातडी तेवढी लोंबते. जखम भरली. पालींच्या मागे धावते, ह्यांच्या पानातली मासळी पळवते, आणि साटमच्या पोत्यावरच झोपते, दुसरं काही अंथरलं तर चालत नाही. परवा साटम जिन्यात भेटला. म्हणाला, काय हो, कॅन्सर बरा झाला वाटतं मांजराचा? मी म्हटलं, झालाच नव्हता. तुमची सूचना तेवढी अजून बोर्डावर आहे, ती बरी करा.

आता दिपिकाचं. तू तिच्यावर रागावायचं नाहीस, मी आधीच सांगून ठेवते. ती म्हणाली की वैशाखापासून आईंनी आपलं ताट वेगळं केलं. टॉवेल वेगळा, तांब्या वेगळा. विघ्नेशला मांडीवर घेत नाहीत, तो रांगत आला की उठून जातात. रात्री झाडपाला वाटून उजव्या बाजूला बांधतात, वर हळद. उजवा हात वर जात नाही. तिने एकदा विचारलं तर तिला विघ्नेशची शपथ घातलीस. आणि मांदेलीला उलटं करून पाहिलंस त्या संध्याकाळी तिला म्हणालीस, माझंच लागलं तिला, माझ्या छातीवर निजायची ना, उद्या पोराला लागेल. म्हणून तू गेलीस. भातकापणी, म्हणे! आणि मी दारामागे तुला काय म्हटलं ते वर लिहिलंय. तो शब्द मी मागे घेते. एकटीने, कोणाला न सांगता, नातवाला वाचवायला घर सोडणारीला पळपुटी म्हणत नाहीत. मूर्ख म्हणतात. तो शब्द मी तुझ्या तोंडावर वापरणार आहे.

तर ऐक. दिपिका बोलली त्याच दिवशी मी पापडीला पुन्हा गेले आणि डॉक्टरला सरळ विचारलं. छातीवर झोपल्याने, एका ताटात जेवल्याने, टॉवेलाने, मांडीवर घेतल्याने बाईच्या छातीतली गाठ कोणाला लागत नाही. मांजराला नाही, नातवाला नाही. मांजरांचा तो लाळेचा रोगही माणसाला शिवत नाही. मांदेलीला तुझा रोग लागला नव्हता, सत्यवती. तिला तुझ्या गोळ्या लागल्या होत्या, आणि त्या तू तिला वाचवायला दिल्या होत्यास. आता दुसरी गोष्ट, कारण तुझ्याशी खोटं बोलायला मला जमणार नाही. मी डॉक्टरला हेही विचारलं की मग माझ्या मैत्रिणीचंही असंच काही नसेल का. ती म्हणाली, ती माणसांची डॉक्टर नाही, पण तरुण मांजरीत अशी सूज बहुतेक साधी निघते आणि म्हातारीत गाठ आली तर बहुतेक वाईट. तू वर्षाची मांजर नाहीस. तेव्हा तुझं काहीच नसेल असं मी लिहीत नाही. असेल. पण हात लावून पाहिल्याशिवाय ते कोणी ठरवायचं नाही. साटमने मांजरीचं ठरवलं, टेबलामागच्या त्या डॉक्टरने ठरवलं, दोघेही चुकले. तूही आपलं आपण ठरवून भावाच्या पडवीत जाऊन बसली आहेस, आणि हे पाचूबंदर तू स्वतःसाठीच शोधलंस. मला ते मान्य नाही. मांदेली बरी झालेली दाखवल्याशिवाय तू ऐकणार नाहीस म्हणून इतके दिवस थांबले, ते माझंही चुकलं. आता कल्पेशला मी सांगितलं आहे. तुझा मुलगा माझ्या सोफ्यावर, तुझ्या सफेद वेलचीच्या जागेवर बसून रडला, मग तोंड धुऊन म्हणाला, काकी, काय करायचं सांगा. बुधवारी सकाळी वसईत बायांच्या सर्जनकडे तुझ्या नावाने नंबर लावला आहे. त्याही बाईच आहेत, आणि मी फोनवर विचारून घेतलं आहे, हात लावून पाहतात. जे निघेल ते निघेल, पुढे परळचं कॅन्सरचं हॉस्पिटल असो की आणखी कुठे, मी बरोबर आहे आणि भांडायला मला कंटाळा येत नाही. मंगळवारी सकाळच्या शटलने मी सफाळ्याला उतरते. टोपली बरोबर असेल, टोपलीत मांदेली असेल, आणि ती तुझ्या छातीवर चढली तर तू तिला खाली उतरवायचं नाहीस, डावीकडे सरकवलीस तर चालेल. शेतावर गेल्याचं त्या मुलाला सांगून ठेवलंस तर मी शेतावर येईन. दुपारच्या आत निघायचं आहे, पण जेवून निघू. तुझं ते वेगळं ताट घासून तयार ठेव, सत्यवती. त्यात आधी मी जेवणार आहे. वहिनींना सांग, भात जरा जास्त टाका.

तुझीच, तू ऐक किंवा नको ऐकूस,
वसुबाय